टीवायनंतर थेट मानसशास्त्र?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी दहावीपर्यंत मावशीकडे राहून कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरी बोलायचं मराठी. 'मराठी विभागासाठी काहीतरी दे' असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी आधी 'सॉरी' म्हटलं आणि मग हा विषय सुचला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका प्रूफ तपासणाऱ्यांच्या नावावर टाकाव्यात.

विषय असा सुचला की या वर्षी हॉस्टेलवर माझ्या खोलीत तिघीजणी आणि मेसमध्ये दोघेजण येऊन एकच प्रश्न विचारून गेले. 'तुझी ती बहीण सायकॉलॉजी करते ना? मग ग्रॅज्युएशन झाल्या झाल्या डायरेक्ट अप्लाय करता येतं का गं? चांगल्या ठिकाणी?' त्यातला एक मेकॅनिकलचा आहे आणि त्याला थर्मोडायनॅमिक्सपेक्षा स्वतःच्या रूममेटचं डोकं जास्त इंटरेस्टिंग वाटतं. प्रत्येकाला तेच तेच अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हटलं. मी स्वतः सायकॉलॉजीवाली नाही. पण ताईचे अर्ज, तिचे नकार आणि तिची स्टॅटिस्टिक्सची गणितं या सगळ्यांत मी इतकी अडकले होते की अर्धी डिग्री मलाही द्यायला हरकत नाही!

ताई म्हणजे माझी चुलतबहीण. आमचं गाव आंजर्ले, तालुका दापोली. कड्यावरचा गणपती आणि कासवांची पिल्लं यांच्यामुळे हल्ली बऱ्याच जणांना माहीत असतं. खाडीपलीकडे हर्णै, अलीकडे मुर्डी. मुर्डी म्हणजे रँग्लर परांजप्यांचं गाव. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. आमच्या पंचक्रोशीत मुलांनी अभ्यासाची कुरकूर केली की हे नाव निघतंच. ताईने 'मला अमेरिकेत अर्ज करायचाय' असं सांगितलं तेव्हाही निघालं. आजीने मात्र वेगळंच विचारलं, ''काय गो बाय, म्हणजे तू वेड्यांची डॉक्टरीण होणार?'' रत्नागिरीला इंग्रजांच्या काळापासूनचं मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, बाकीची तीन ठाणे, येरवडा आणि नागपूरला. त्यामुळे आमच्याकडे कोणी विचित्र वागलं की 'याला रत्नागिरीला पाठवा' असं सहज म्हणतात. आजीच्या डोळ्यांसमोर तेच आलं असणार.

ताईला मात्र हा विषय पुस्तकातून सुचला नव्हता. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, पण दापोली-मंडणगडची वाट लावून गेलं. आमची माड-पोफळीची वाडी एका दुपारात आडवी झाली. कित्येक दिवस वीज नव्हती. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात, माडाचंही तसंच. पन्नाशीच्या माणसाला 'पुन्हा लाव' म्हणणं सोपं असतं. काका वाडीत जायचेच बंद झाले. ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून राहायचे, पण झोका घ्यायचे नाहीत. सरकारी माणसं आली, किती झाडं पडली त्याचा पंचनामा करून गेली. ताई एकदा म्हणाली, ''झाडांचा पंचनामा झाला, बाबांचा कोण करणार?'' तेव्हा ती पुण्यात बी. ए. मानसशास्त्र करत होती, पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं. लॉकडाऊनमुळे घरीच होती, म्हणून तिने हे सगळं जवळून पाहिलं.

हा झाला मागचा भाग. आता अर्जांकडे वळते.

आधी एक गोंधळ दूर करते, कारण मेकॅनिकलवाल्याचा तोच झाला होता. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, तो आधी एमबीबीएस होतो आणि मग मानसोपचारात एमडी वगैरे करतो. औषधं तो देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. तो चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, आणि आपल्या देशात त्याची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. हे कौन्सिल १९९२ च्या कायद्याने झालं. नुसतं एम. ए. सायकॉलॉजी केलं म्हणून कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही त्याची व्याख्या दिलेली आहे: आरसीआयमान्य पात्रता हवी, किंवा एम. ए. नंतर देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम असलेली दोन वर्षांची पूर्णवेळ एम. फिल. हवी. म्हणजे भारतातली नेहमीची वाट तीन टप्प्यांची होती. तीन वर्षं बी. ए., दोन वर्षं एम. ए., दोन वर्षं एम. फिल. बंगळूरच्या निम्हान्ससारख्या ठिकाणी त्या शेवटच्या टप्प्याच्या मोजक्या जागांसाठी देशभरातून झुंबड असे. निम्हान्सच्या आधीच्या संस्थेत हे प्रशिक्षण १९५५ पासून चालत आलेलं आहे.

'होती' आणि 'असे' असं मुद्दाम लिहिलं. कारण युजीसीने २०२२ च्या नियमांत एम. फिल. ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना तेवढी २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत सवलत मिळाली. त्यामुळे आता फर्स्ट इयरला असणाऱ्याने सीनियरच्या सीनियरचा सल्ला ऐकून प्लॅन करू नये. आरसीआयच्या साइटवर त्या वर्षीची मान्य कोर्सची यादी उघडावी आणि कॉलेजचं नाव तिच्यात आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. 'क्लिनिकल' हा शब्द कोर्सच्या नावात टाकायला काही पैसे पडत नाहीत, एवढंच सांगते.

तर 'डायरेक्ट' या शब्दाचे दोन अर्थ होतात. बी. ए. नंतर थेट एम. ए. ला जाणं ही आपल्याकडे अगदी सरळ गोष्ट आहे, सगळे तसंच जातात. फक्त चांगल्या ठिकाणी जागा कमी. मुंबईचं टिस, दिल्ली विद्यापीठ, पुणे आणि मुंबई विद्यापीठांचे विभाग ही नावं सगळ्यांच्या यादीत असतात. टिसची पूर्वी टिसनेट नावाची स्वतःची परीक्षा होती, आता सीयूईटी-पीजीमधून जावं लागतं. त्या परीक्षेत ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला वजा १. जेईई दिलेल्यांना यात नवीन काही नाही.

दुसरा 'डायरेक्ट' म्हणजे पदवीनंतर थेट परदेशात पीएचडी. अमेरिकेत मास्टर्स न करता पीएचडीला अर्ज करता येतो हे खरं आहे. निवड झाली तर बऱ्याच चांगल्या विद्यापीठांत फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो. हे ऐकलं की आपल्या कोकणी डोक्यात लगेच हिशेब सुरू होतो. ताईच्याही झाला. पण त्यात दोन खड्डे होते आणि ते तिला कोणी दाखवले नाहीत. पहिला, आपली तीन वर्षांची बी. ए. धरून शिक्षणाची पंधरा वर्षं होतात आणि तिकडे बऱ्याच ठिकाणी सोळा लागतात. इथे आपण इंजिनिअर लोक नशीबवान, आपली डिग्रीच चार वर्षांची. नवीन शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची ऑनर्स पदवीही त्यात बसू शकते. दुसरा खड्डा जास्त खोल आहे. तिकडच्या क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएचडी म्हणजे प्रवेशाच्या दृष्टीने सगळ्यांत अवघड जागांपैकी एक. १९४९ साली बोल्डर इथे झालेल्या परिषदेत त्यांनी ठरवलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट संशोधकही असला पाहिजे आणि उपचार करणाराही. त्यामुळे पीएचडीचा अर्ज हा जवळजवळ नोकरीचा अर्ज असतो. एकेका प्रोफेसरच्या लॅबसाठी तो करायचा असतो. अर्ज शेकड्यांनी येतात आणि एका वर्षी घेतात सात-आठ जणांना. तिकडची मुलंसुद्धा पदवीनंतर दोन-तीन वर्षं कुठल्यातरी लॅबमध्ये पगारी मदतनीस म्हणून राबतात आणि मग अर्ज करतात. म्हणजे 'थेट' हा शब्द कागदावर आहे, पण रांगेतले बरेचसे लोक थेट आलेले नसतात.

ताईने टीवायला असताना, २०२१ च्या डिसेंबरात, अमेरिकेत तीन ठिकाणी अर्ज केले. इथले वेगळे. जीआरई, इंग्रजीची परीक्षा आणि अर्जांची फी मिळून साठ हजारांच्या पुढे गेले. वाडी गेल्यावर काकूने दोन खोल्यांचा होमस्टे सुरू केला होता, त्याचं दिवाळीच्या सीझनचं सगळं भाडं त्यात गेलं. तेव्हा माझी अकरावी मोबाईलवर चालली होती, त्यामुळे मीही गावीच होते. शेवटच्या अर्जाची मुदत तिकडची रात्री ११.५९, म्हणजे आपली सकाळी १०.२९. आणि नेमकं त्या दिवशी नेट गेलं! मग दोघी स्कूटीवरून कड्यावरच्या गणपतीला. वर देवळापाशी रेंज चांगली येते. देवळाबाहेरच्या कठड्यावर लॅपटॉप, त्याला माझा हॉटस्पॉट, आणि शेजारी सहलीला आलेल्या शाळेतली पोरं ओरडतायत. १०.२१ ला अर्ज गेला. आम्ही वरूनच समुद्राचा फोटो काढला आणि ताई म्हणाली, ''पुढच्या वर्षी या वेळी बर्फ असेल.''

मार्च संपेपर्यंत सगळीकडून नकार आले. इथूनही. कुठून काय आलं ते नावानिशी सांगत नाही. एका ठिकाणी वेटिंग लिस्ट होती, ती जूनमध्ये संपली. ताई पंधरा दिवस फारशी बोललीच नाही. काका मात्र त्या दिवसांत पहिल्यांदा वाडीत गेले, आणि तिला हाताला धरून घेऊन गेले. ते दोघं तिकडे काय बोलले ते मला ठाऊक नाही.

आता माझा आवडता भाग. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी नीट वाचावा.

मी सेकंड इयरला कम्युनिकेशनमध्ये नॉइज शिकत होते, तेव्हा ताईने तिच्या एम. ए. च्या पुस्तकातला एक धडा मला पाठवला. सिग्नल डिटेक्शन थिअरी. मी म्हटलं, हे तर आमचं! आणि खरंच आपलंच आहे. रडारच्या पडद्यावर ठिपका दिसतो. ते विमान आहे की पक्ष्यांचा थवा, की नुसताच नॉइज? हे ठरवण्यासाठी इंजिनिअरांनी जे गणित मांडलं, तेच १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी उचललं आणि माणसाच्या कानाला-डोळ्याला लावलं. ग्रीन आणि स्वेट्स यांचं यावरचं प्रसिद्ध पुस्तक १९६६ चं. त्यात चारच शक्यता असतात. विमान होतं आणि ओळखलं, तो हिट. विमान होतं पण सोडून दिलं, तो मिस. विमान नव्हतंच पण भोंगा वाजवला, तो फॉल्स अलार्म. आणि नव्हतं, गप्प बसलो, ते बरोबर.

गंमत अशी की ऑपरेटर किती हुशार आहे ही एक गोष्ट, आणि तो भोंगा वाजवायला किती कचरतो ही दुसरी. पहिलीला संवेदनशीलता म्हणतात, दुसरीला निकष. युद्ध चालू असेल तर तो जरा शंका आली तरी भोंगा वाजवेल. शांततेच्या काळात, चुकीच्या भोंग्याला शिक्षा असेल तर, विमान डोक्यावर येईपर्यंत थांबेल. ऑपरेटर तोच, पडदाही तोच, फक्त निकष सरकला.

आता प्रवेश समिती तिथे बसवा. समजा सहाशे अर्ज आले, त्यातले शंभर खरोखर लायक आहेत आणि जागा आठ आहेत. समिती देवासारखी अचूक असली तरी ब्याण्णव लायक माणसं बाहेर राहणार. आणि समिती काही देव नाही. चुकीचा माणूस घेतला तर पाच-सहा वर्षांचा स्टायपेंड आणि प्रोफेसरची डोकेदुखी, म्हणजे फॉल्स अलार्म महाग. चांगला माणूस सुटला तर? त्यांचं काहीच बिघडत नाही, रांगेत पुढचा उभाच आहे. म्हणून निकष एकदम कडक. ताईला आलेल्या नकारांत तिच्याबद्दलची माहिती फार थोडी होती आणि जागांबद्दलची खूप. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ''हे मला दोन वर्षांपूर्वी सांगायला काय झालं होतं?'' दोन वर्षांपूर्वी मी बारावीचं ऑरगॅनिक पाठ करत होते!

मग अर्जदाराच्या हातात काय असतं? तुमचा सिग्नल नॉइजपासून जितका लांब, तितकं बरं. मार्कशीट म्हणजे एक रीडिंग. तेही नॉइजी, कारण सगळ्यांना माहीत आहे की आपल्याकडे 'अपेक्षित' वाचून साठ टक्के पडतात. लॅबमध्ये आपण काय करतो? तेच रीडिंग पुन्हा पुन्हा घेतो आणि सरासरी काढतो. चार रीडिंग घेतली की नॉइज निम्मा, शंभर घेतली की दहावा हिस्सा. संशोधनाचं काम, प्रोजेक्ट, कोणाच्या तरी देखरेखीखाली घालवलेलं एक वर्ष, आणि त्या माणसाने तुमच्याबद्दल लिहिलेलं पत्र ही सगळी वेगवेगळी रीडिंग आहेत. टीवायला थेट अर्ज करणाऱ्याची अडचण हुशारीची नसतेच बऱ्याचदा. त्याच्याकडे रीडिंगच कमी असतात. डिसेंबरात अर्ज करताना त्याचं शेवटचं वर्ष अर्धंसुद्धा झालेलं नसतं, प्रोजेक्टला नुसतं नाव पडलेलं असतं.

शिफारसपत्रांबद्दल थोडं लिहायलाच हवं, आणि हे आपल्या सरांनी-मॅडमनीही वाचावं अशी नम्र विनंती. ताईच्या पहिल्या वर्षीच्या तीन पत्रांपैकी दोन तिनेच लिहिली होती. 'तू ड्राफ्ट आण, मी सही करतो' अशी पद्धत. एकशेवीसच्या वर्गाला शिकवणाऱ्या माणसाने तरी काय करावं? तिसरं पत्र ज्यांनी स्वतः लिहिलं, त्यांनी तीन ओळी लिहिल्या. हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल. हे तीन शब्द आपल्याकडच्या इतक्या पत्रांत असतात की वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. याउलट पुढच्या खेपेला एका मॅडमनी लिहिलं की या मुलीने आमच्या सर्व्हेतल्या चुकीच्या भरलेल्या फॉर्मांचा पॅटर्न शोधून काढला आणि त्यासाठी दोन रविवार घालवले. बस, एवढंच. पण हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या पत्रात असूच शकत नाही. तेव्हा टीवायला किंवा थर्ड इयरला ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी सेकंड इयरपासून कोणत्या तरी एका शिक्षकाच्या नजरेसमोर प्रत्यक्ष काम करावं, चुकावं, पुन्हा करावं. पत्र मागायची वेळ आली की त्यांना काय आठवेल, तेवढाच प्रश्न.

आणि स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे मी हे का करू इच्छिते याचा निबंध. ताईच्या पहिल्या निबंधाचं पहिलं वाक्य: लहानपणापासून मला लोकांना मदत करायला आवडतं. मीच ते इंग्रजी तपासून दिलं होतं. माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी तेव्हा घरात फार भाव खाऊन होतं, मी त्यात 'पॅशनेट' हा शब्द दोनदा घातला. आज वाचताना लाज वाटते. त्यात वादळाचा उल्लेखच नव्हता. मी विचारलंसुद्धा होतं, तर ती म्हणाली, घरचं कशाला लिहायचं, बरं दिसत नाही.

गॅपच्या वर्षी ती पुण्याला एका संशोधन प्रकल्पात प्रश्नावल्या भरून घ्यायचं काम करत होती. मानधन नावापुरतं. गॅप हा शब्द आपल्याकडे फार वाईट, नातेवाइकांसमोर काकू 'ती प्रोजेक्ट करते' असं सांगायची. पण ताईला खरा प्रश्न तिथेच सापडला. उदासी मोजायला पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, आणि त्याला शून्य ते तीन गुण. एकूण सत्तावीस. इंग्रजीतून मराठी करताना नुसतं भाषांतर करून चालत नाही. एकाने मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणायचं, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून कुठे अर्थ घसरला ते पाहायचं. एनकोडर-डिकोडरच म्हणा ना! पण ताईचं म्हणणं असं की भाषांतर बिनचूक असलं तरी आमच्या काकांनी त्यावर शून्यच लिहिलं असतं. 'तुम्हाला निराश वाटतं का?' 'छे.' पण त्याच काकांना 'हातपाय चालतात का?' असं विचारलं तर ते म्हणायचे, ''कसले चालतायत, गळून गेल्यासारखं होतं.'' भुकेचं विचारलं तर ''जेवतो की'' आणि पानात निम्मा भात तसाच. आमच्याकडचा माणूस मन दुखतं असं म्हणत नाही, अंग दुखतं म्हणतो. मग फॉर्मवर तो निरोगी दिसतो.

दुसऱ्या वर्षीचा निबंध तिने इथून सुरू केला. वाडी गेलेला माणूस कोणत्या शब्दांत दुःख सांगतो, आणि ते शब्द प्रश्नावलीत नसतील तर तो मोजणीत येतो का? 'पॅशनेट' कुठेही नाही. मुलाखतीत त्यांनी तिला याच्यावरच पाऊण तास विचारलं. तुझी यादी बरोबर मोजते हे कशावरून ठरवणार? किती माणसांना विचारशील? वाडी न गेलेल्यांनाही विचारशील का? शेवटच्या प्रश्नाला ती अडखळली, आणि 'हो, नाहीतर तुलना कशाशी करणार' असं म्हणाली. २०२३ मध्ये तिला इथल्याच एका चांगल्या विद्यापीठात एम. ए. ला प्रवेश मिळाला, या वेळी तिने अमेरिकेत अर्ज केलाच नाही. फी वाचली, त्यात काकांनी रोपं आणली.

आता आपल्यापैकी ज्यांना बी. ई. नंतर तिकडे उडी मारायची आहे त्यांच्यासाठी. एम. ए. मानसशास्त्राला काही विद्यापीठं कोणत्याही शाखेची पदवी चालवून घेतात, काही बी. ए. मानसशास्त्रच मागतात, तेव्हा माहितीपत्रक वाचल्याशिवाय फॉर्म भरू नये. इग्नूचं एम. ए. पूर्वी कोणत्याही पदवीधराला करता येत असे; ते केलेल्यांना पुढे क्लिनिकलकडे जायचं असेल तर ते तिथे धरतात का हे आधी विचारून घ्यावं. २०२१ पासून गेटमध्ये ह्युमॅनिटीज अँड सोशल सायन्सेसचा पेपर आहे आणि त्यात मानसशास्त्राचा विभाग निवडता येतो, हे आपल्या हॉस्टेलवर कोणालाच माहीत नव्हतं. त्याहून सोयीची वाट म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्स. आयआयटी गांधीनगरला त्यात एम. एस्सी. आहे, हैदराबादच्या ट्रिपल आयटीत संशोधनाची एम. एस. आहे, अलाहाबाद विद्यापीठाचं केंद्र तर बरंच जुनं. तिथे कोडिंग येणारा माणूस उपरा समजला जात नाही. शिवाय आपल्याला जे कंटाळवाणं वाटतं ते एम-थ्री, एम-फोरमधलं प्रॉबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्स, तेच त्या बाजूला सोन्याच्या भावाने जातं. ताईच्या वर्गात निम्मी मुलं रिग्रेशनचं नाव काढलं की घाबरतात. कमी पडतं ते वाचन. शिकण्याबद्दल, स्मृतीबद्दल, मुलांच्या वाढीबद्दल शंभर वर्षांत काय काय प्रयोग झाले ते आपल्याला शून्य माहीत असतं, आणि मुलाखतीत दोन मिनिटांत उघडं पडतं. युट्यूबवरचे 'डार्क सायकॉलॉजी ट्रिक्स' त्यात धरू नयेत.

एक गोष्ट राहिली. माझ्या खोलीत आलेल्या तिघींपैकी एकीला अॅडमिशनबद्दल काही विचारायचंच नव्हतं. वीस मिनिटं कटऑफ विचारून झाल्यावर ती रडायला लागली. मी ताईला फोन लावला, तर ताईने पहिलंच वाक्य म्हटलं, ''मी अजून कोणाची थेरपिस्ट नाही.'' आणि टेली-मानसचा नंबर दिला, १४४१६. सरकारची २०२२ पासूनची सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तिने आमच्या खोलीतूनच फोन केला, मी बाहेर कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. निम्हान्सने २०१५-१६ साली देशभर पाहणी केली होती, तिच्यात दर शंभर प्रौढांमागे दहाहून जास्त जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक त्रास होता. आमच्या एका मजल्यावर साठ मुली आहेत.

ताईचं एम. ए. २०२५ मध्ये झालं. आता पुढच्या क्लिनिकल प्रशिक्षणाची तयारी चालू आहे, आणि वर सांगितलेला एम. फिल. चा गोंधळ तिच्याच बॅचच्या वाट्याला आलाय. आरसीआयची यादी ती आठवड्यातून एकदा उघडते. मागच्या रविवारी रात्री अकराला तिचा फोन आला. आंजर्ल्यातल्या चाळीस वाड्यांतून तिने मे महिन्यात जी माहिती गोळा केली होती, तिचा ग्राफ काही केल्या निघत नव्हता. स्क्रीनशॉट पाठव म्हटलं. पाहिलं तर एका कॉलममध्ये वयाऐवजी कोणीतरी पोफळींची संख्या भरली होती, ३४०. ''हे आपल्या बाबांचंच आहे,'' ताई म्हणाली, ''वय विचारलं की ते झाडंच सांगतात.''